चाकांवरचा वन रूम किचन

उपनगरी कॅम्पिंगकर हा पस्तिशी ते पन्नाशीतला गृहस्थ असून अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर या पट्ट्यात तो मुबलक आढळतो. गिरगाव-दादरला तो विरळ. तिथे गाडी उभी करायलाच जागा नाही, तर गाडीत झोपायची कल्पना कुणाला सुचणार? त्याचे राहते घर साधारण साडेचारशे चौरस फुटांचे आणि त्यात माणसे पाच. सोफा-कम-बेड, भिंतीला टेकणारे घडीचे टेबल, माळ्यावर गणपतीचे मखर आणि मखरामागे सासऱ्यांचा होल्डॉल, अशा वातावरणात त्याची जडणघडण झालेली असते. परदेशात मोटारघरात राहायला निघालेल्या जोडप्यांना जे पुस्तके वाचून शिकावे लागते, ते याला बाळकडूत मिळालेले असते. या हिशेबाने तो कॅम्पिंगमध्ये तरबेज निघायला हवा. तो निघत नाही, कारण थोड्या जागेत खूप सामान कसे बसवावे हे त्याला येते. सामान घरी कसे ठेवावे हे येत नाही.

या जमातीच्या दोन शाखा आहेत. पहिली जुन्या ट्रेकरांची. मुंबईत ‘गिरिविहार’सारखी संस्था १९५४ पासून डोंगर चढते आहे, आणि मुलुंडच्या ‘चक्रम हायकर्स’च्या ‘सह्यांकन’ मोहिमांनी कित्येक नोकरदारांना सह्याद्रीत पायपीट करायला लावली. या शाखेतला माणूस ऐन विशीत रात्रीची कसारा लोकल पकडून हरिश्चंद्रगडाच्या गुहेत झोपून आलेला असतो. पुढे गुडघे कुरकुरू लागतात, गाडीचे हप्ते सुरू होतात आणि गड पायथ्यावरून बघण्याची सवय लागते. ‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती’ हे वाक्य तो दुहेरी कापडाच्या तंबूत, हवेच्या गादीवर बसून म्हणतो.

दुसरी शाखा २०२० च्या टाळेबंदीनंतरची. हॉटेलात जायची भीती होती, गाडी दारात धूळ खात होती आणि मोबाइलवर कुणीतरी बर्फाळ डोंगरासमोर गाडीची डिकी उघडून कॉफी पीत होते. अंधेरी पश्चिमेला ही शाखा विशेष फोफावली. ट्रेकर शाखा सामान जुने आहे म्हणून मिरवते, ही नवे आहे म्हणून. दोघांचे वजन सारखेच भरते.

तंबूची पहिली उभारणी हॉलमध्ये होते. टीपॉय सरकवून, पंखा बंद करून, मुलांना सोफ्यावर चढवून. हल्ली आपोआप उघडणारे तंबू मिळतात. पिशवीतून काढून फेकले की दोन सेकंदांत उभे. प्रश्न मिटण्याचा असतो. स्प्रिंगची गोल कडी एकत्र धरायची, दाबून आठाचा आकडा करायचा आणि एक वेटोळे दुसऱ्यावर पाडायचे, अशी कृती पिशवीवर चित्रांत दिलेली असते. चौथ्या चित्रात हात नेमके कुठे आहेत ते दिसत नाही. बायको मोबाइलवर व्हिडिओ धरते, तो ‘मागे घे, मागे घे’ म्हणतो, कडी सुटते आणि टीव्हीवर जाऊन आपटते. त्या रात्री पोरे हॉलमध्येच तंबूत झोपतात. सगळ्या कुटुंबाचा सर्वांत सुखाचा मुक्काम बहुधा तोच.

खरेदीत एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. ‘चार माणसांचा’ तंबू म्हणजे चार माणसे खांद्याला खांदा लावून, कूस न बदलता झोपली तर. चौघांच्या कुटुंबाला सहाचा तंबू लागतो. पावसाळी कापडावर २००० किंवा ३००० मिलिमीटर असा आकडा छापलेला असतो. तो पावसाचा नसून कापड किती उंचीच्या पाण्याचा दाब सोसते त्याचा आहे. आंबोलीत वर्षाला किती पाऊस पडतो याच्याशी त्याची तुलना करून घाबरण्याचे कारण नाही, पण कॅम्पिंगकर ती करतो आणि सगळ्यात महागाचा तंबू घेतो. मग त्याखाली घरातली निळी ताडपत्री अंथरतो, आणि ती तंबूच्या चारी बाजूंनी हातभर बाहेर राहते. पावसाचे पाणी त्या हातभर ताडपत्रीवर पडून सरळ तंबूखाली जाते. ताडपत्री तंबूपेक्षा चार बोटे लहान हवी, हा नियम सोपा आहे. पण चांगली ताडपत्री दुमडून ठेवायची म्हणजे वाया घालवायची, हे त्याच्या संस्कारांत बसत नाही.

निघण्याची ठरलेली वेळ पहाटे पाचची असते. पाचला घड्याळाचा गजर होतो, साडेसहाला शेवटची पिशवी खाली येते, सातला कुणीतरी गॅस बंद केलाय का बघायला वर जाते. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल गेला, त्यामुळे मुलुंड नाका तो विजयी मुद्रेने ओलांडतो. वाचलेले ४५ रुपये द्रुतगती मार्गाच्या पहिल्याच फूड मॉलवर बटाटवड्याच्या अर्ध्या प्लेटलाही पुरत नाहीत. जोडून सुट्टी आली असेल तर बोरघाटात गाड्यांची रांग लागलेली असते. तिथे इंजिन तापलेल्या गाडीच्या बाहेर उभे राहून अनोळखी लोकांशी गप्पा मारणे, हा उपनगरी माणसाच्या निसर्गसहवासाचा बराच मोठा भाग होय.

मुक्कामाचे ठिकाण शंभरातून ऐंशी वेळा पवना धरण. मावळातल्या या जलाशयाचे पाणी पिंपरी-चिंचवडला जाते आणि काठावरून तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर असे चार किल्ले न हलता मोजता येतात. काठच्या जमिनींवर गावकऱ्यांनी आणि धंदेवाइकांनी तंबूंच्या रांगा मांडलेल्या असतात. माणशी ठरावीक पैसे, त्यात संध्याकाळी शेकोटी आणि सकाळी पोहे. दोन तंबूंत अंतर दोन फूट. घरी शेजाऱ्याचा टीव्ही भिंतीतून ऐकू येतो, इथे शेजाऱ्याचे घोरणे कापडातून. कॅम्पिंगकराला याने जराही परके वाटत नाही. पाचव्या मिनिटाला तो शेजारच्या तंबूला ‘तुमची दोरी आमच्या हद्दीत येते’ असे सांगून मोकळा होतो.

स्वतःचा तंबू ठोकणाऱ्याने जागा निवडताना आधी आडवे पडून पाहावे. डोळ्यांना सपाट दिसणारी जमीन पाठीला तशी लागत नाही. उतार असलाच तर डोके चढाकडे. खुंटी तंबूपासून बाहेर झुकलेली, तिरकी ठोकायची, म्हणजे दोरी ताणली तरी उपटत नाही. कोकणातल्या जांभ्यात खुंट्या वाकतात, तिथे दोरी दगडाला बांधावी. नागाव-रेवदंड्याच्या वाळूत पिशवीत वाळू भरून ती पिशवीच पुरावी. आणि मे महिन्यात दुपारनंतर ढग गडगडू लागले तर तंबूत न बसता काचा लावून गाडीत बसावे. विजेपासून कापड वाचवत नाही. हे शेवटचे वाक्य कॅम्पिंगकर वाचतो, पण तंबूचे पैसे वसूल व्हायचे असतात.

स्वयंपाकाची शेगडी छोट्या ब्यूटेन डब्यावर चालते. ब्यूटेन शून्याच्या जरासे खाली, उणे अर्ध्या अंशाला वायुरूप व्हायचे थांबते. सह्याद्रीत याची काळजी नाही, भंडारदऱ्याच्या डिसेंबरातही नाही. पण कॅम्पिंगकराच्या मनात कायम स्पितीचा बेत शिजत असतो, आणि स्पितीच्या थंडीत ही शेगडी फूः करून गप्प बसते. तिथे प्रोपेन मिसळलेला डबा लागतो. खरा धोका मात्र पवनाकाठीच आहे. डबा शेगडीच्या पोटातच, बर्नरला खेटून बसतो, त्यावर घरचा भला मोठा भाकरीचा तवा ठेवला की उष्णता खाली परतून डबा तापतो आणि फुटू शकतो. भांडे लहान घ्यावे. शेगडी तंबूत किंवा बंद गाडीत पेटवू नये; जळणारा गॅस आतला प्राणवायू खातो आणि कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. बोरिवलीची मंडळी यावर सोपा उपाय करतात. सोसायटीतल्या गुजराती शेजारणीकडून शिकलेले थेपले चार दिवस टिकतात, म्हणून ती शेगडी पेटवतच नाहीत. फक्त चहासाठी. आणि चहाला बसल्यावर कळते, गाळणी घरी राहिली. मिक्सर आला, सोलाणे आले, किसणी आली. गाळणी कधीच येत नाही.

रात्री दहानंतर तंबूंच्या वसाहतीत खरा कस लागतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई करतात, हे कॅम्पिंगकराइतके कुणालाच पाठ नसते, कारण नवरात्रात सोसायटीच्या सेक्रेटरीच्या नात्याने त्यानेच पोलिसांना फोन केलेला असतो. धरणाकाठी त्याचा ब्लूटूथ स्पीकर साडेअकराला बंद होतो, तोही चार्ज संपून.

पहाटे तंबूच्या छतावरून टपटप थेंब पडतात. ‘तंबू गळतो!’ असा गिल्ला होतो. तो गळत नसतो. पाच माणसांच्या श्वासातली वाफ थंड कापडावर जमलेली असते. थंडी वाजते म्हणून रात्री सगळ्या खिडक्या बंद केल्याचे ते फळ. जाळीची झडप उघडी ठेवावी, अंगावर पांघरूण वाढवावे. सकाळी बूट घालण्याआधी ते झटकावेत. कोकणात फुरसे आणि विंचू दोघांनाही बूट पसंत पडतो. शौचाची सोय हा विषय शनिवारी संध्याकाळी कुणी काढत नाही आणि रविवारी सकाळी दुसरा निघत नाही.

दोन-तीन मोसम असे काढल्यावर अळीचा कोश होतो, म्हणजे तंबू गाडीच्या टपावर चढतो. टपावरचा तंबू ६० किलोच्या आसपास असतो आणि पुष्कळ गाड्यांच्या टपाला धावताना तेवढेच वजन झेपते, हे कळेपर्यंत तो बसवून झालेला असतो. मग रविवारी रात्री, अंगभर थकवा घेऊन परतल्यावर, गाडी पोडियम पार्किंगच्या तुळईखाली अडकते. तुळई दोन-सव्वादोन मीटरवर, गाडी अधिक तंबू त्याहून दोन बोटे वर. वॉचमन टायरची हवा काढायचा सल्ला देतो, आणि तो लागू पडतो.

सर्वांत वरची पायरी म्हणजे पूर्ण व्हॅन. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्याचे कात्रण त्याने जपून ठेवलेले असते. जुनी व्हॅन घेऊन ओळखीच्या सुताराकडून पलंग-कपाटे ठोकून घ्यावीत, हा पहिला विचार. पण मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ बांधणीत परस्पर फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पुन्हा बजावले. म्हणून आरटीओच्या मंजुरीची, तयार कॅराव्हॅन घ्यावी किंवा आधी एकदोनदा भाड्याने घेऊन बघावी. भाड्याने घेतलेल्यांपैकी बरेच जण तिथेच थांबतात.

व्हॅनमधली भांडणे विजेवरून आणि पाण्यावरून होतात. बारा व्होल्टची, १०० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे कागदावर १२०० वॅट-तास. साधी शिशाची असेल तर त्यातली निम्मीच वापरावी, नाहीतर लवकर मरते. राहिले सहाशे. बॅटरी बसली की कॅम्पिंगकर बायकोच्या मिक्सरकडे बोट दाखवतो. साडेसातशे वॅटचा मिक्सर चटणीसाठी पाच मिनिटे फिरला तर साठेक वॅट-तास जातात. याने दुपारी ‘जरा पाठ टेकतो’ म्हणून लावलेला एक टनाचा एसी मात्र अर्ध्या-पाऊण तासात सगळी बॅटरी पिऊन टाकतो. बारा व्होल्टचा छोटा पंखा रात्रभर चालतो. मिक्सर निर्दोष सुटतो, पण माफी मागितली जात नाही.

पाण्याच्या बाबतीत घरातल्या आजीला शरण जावे. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागते असे सरकारी मानक सांगते. व्हॅनची टाकी शंभराची असली तरी पुष्कळ. घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीत पहाटे अर्धा तास येणाऱ्या नळावर चाळीस वर्षे संसार केलेल्या आजीला याचे काहीच वाटत नाही. ती ताटे आधी कागदाने पुसते, तेलकट भांडी शेवटी घेते, पहिल्या विसळणीचे पाणी दुसऱ्या भांड्याला वापरते आणि पाच माणसांची भांडी अर्ध्या बादलीत उरकते. नातू शॉवर सुरू करतो, तेव्हा ती बाहेरून पत्र्यावर टकटक करते. ‘अरे, टाकी काय तुझ्या बापाने बांधलीय?’ टाकी त्याच्या बापानेच घेतलेली असते. पण मुद्दा रास्त असतो. संडासाची सुटी पेटी पंधरा-वीस लिटरची असते, ती कुठे रिकामी करायची हे निघण्याआधी ठरवावे. ओढ्यात, शेतात, धरणात नाही. ही पेटी कुणी न्यायची हे ठरवताना घरातली लोकशाही संपते.

वर्षातले फार तर पंधरा दिवस व्हॅन रस्त्यावर असते. उरलेले दिवस ती सोसायटीच्या कुंपणालगत, नारळाच्या झाडाखाली आच्छादन घालून उभी राहते, आणि तिथेच तिचा खरा उपयोग सुरू होतो. गणपतीत गावाकडची माणसे आली की दोन तिथे झोपतात. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेंशनची वायर खाली सोडलेली असते, त्यामुळे एसीही चालतो. मुलीची दहावी आली की ती सकाळपासून व्हॅनमध्ये अभ्यासाला बसते. जावई चिडला की तो जातो. लॅपटॉपवर मीटिंग असली की कॅम्पिंगकर स्वतः जातो आणि पडद्यावर कुणीतरी विचारते, ‘सर, लोणावळ्याला का?’ उपनगरात जास्तीच्या एका खोलीला आयुष्याची कमाई मोजावी लागते, आणि ही खोली त्या मानाने स्वस्तात पडली, हे त्याच्या बायकोच्या लक्षात सर्वांत आधी येते. ती व्हॅनमध्ये शिवणयंत्र ठेवते.

मग वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय निघतो. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ विचारतात की व्हॅनला दोन गाड्यांचे पार्किंग शुल्क लावायचे, की खोली म्हणून देखभाल खर्च, आणि आत पाहुणे राहतात तर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत घेता येणारे बिनभोगवटा शुल्कही का नको. सेक्रेटरी म्हणून उत्तर कॅम्पिंगकरालाच द्यायचे असते. तो चष्मा पुसतो, उपविधींची पुस्तिका उघडतो आणि विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवतो.