ग्रेंजमाउथ व्हाया बोईसर

बोईसरच्या आम्हा पोरांना इंग्रजी गाणी आवडत, पण शब्द कळत नसत. मुंबईची पोरं अख्खं गाणं पाठ म्हणत आणि आम्ही ओठ हलवून वेळ मारून नेत असू. मग कुणाच्या तरी चुलतभावाने भरून दिलेल्या कॅसेटमधून कॉक्टो ट्विन्स आले. त्यांची गायिका एलिझाबेथ फ्रेझर नेमकं काय गाते, हे खुद्द इंग्रजांनाही कळत नव्हतं! कित्येक शब्द ती नुसत्या नादासाठी घ्यायची. राज्यघटनेनंतर इतकी समता आम्हाला थेट इथेच भेटली.

या प्रकाराला ‘ड्रीम पॉप’ म्हणतात, हे फार नंतर कळलं. रॉबिन गथ्री गिटारचा एक सूर अशा काही यंत्रांतून काढी की त्याचे वीस होऊन अंगावर येत. ताल मशीनचा, आणि वर तो तरंगता आवाज. सगळं धुक्यातलं. पण धुक्याचं आम्हाला काय कौतुक? आमच्या तारापूर एमआयडीसीत पहिल्या पाळीला सायकल हाणणाऱ्याला ते फुकट मिळे, वासासकट.

याच घराण्यातली डार्कवेव्ह. ती ऐकणाऱ्याने काळे कपडे घालून उदास दिसायचं असतं. मी भर मे महिन्यात काळा फुलशर्ट घालून पालघर स्टेशनवर उभा राहिलो. पाठीवर घामाचं मीठ फुटलं आणि उदासी आपोआप आली. घरी आई म्हणाली, “संक्रांत जानेवारीतच झाली ना रे?”

परवा लेकीच्या मोबाइलवर अचानक कॉक्टो ट्विन्सचा ‘हेवन ऑर लास वेगास’ हा अल्बम लागला, 1990 चा. “बाबा, हे तुम्हाला नाही कळायचं.” म्हटलं, बाई, ते कुणालाच कळत नाही! मग तिनेच सांगितलं, की हा बँड स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथचा. तिथे 1924 पासून तेलशुद्धीकरण कारखाना, भोवती रसायनांचे कारखाने, चिमण्या. म्हणजे बोईसरच की! पऱ्यांनी गायल्यासारखी वाटणारी ही गाणी चिमण्यांखाली वाढलेल्या पोरांची निघाली.

आमच्याकडे तर 1969 पासून तारापूरचं अणुवीज केंद्रही आहे. शिवाय वारल्यांचा तारपा, ज्याच्या अखंड सुरावर शब्दांवाचून रात्रभर नाचता येतं. सामग्री त्यांच्यापेक्षा आपलीच जास्त.

ग्रेंजमाउथचा तेलशुद्धीकरण कारखाना 2025 मध्ये बंद झाला. तारापूरची एमआयडीसी चालू आहे. तेव्हा बोईसरच्या पोरांनो, एखाद्या संध्याकाळी जेईईचा क्लास बुडवा आणि गिटार काढा. घरच्यांशी मी बोलतो.