कणसाची हळद

श्रावणात बुलढाण्याला ढग गच्चीवर येऊन बसतात आणि दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस न सुटलेल्या कोड्यासारखे लोंबत राहतात. अशाच एका ओल्या दुपारी पुण्याहून आलेल्या पुतणीनं जाहीर केलं, की आज मेक्सिकोचा भुट्टा करायचा. तिकडे त्याला एलोते म्हणतात. यादीत मेयोनीज होतं, तिखट, लिंबू, कोथिंबीर होती आणि कोतिहा नावाचं खारट, भुगा होणारं चीज होतं. वाण्याला कोतिहा मागितलं, तर तो डोळ्याची पापणीही न हलवता म्हणाला, "उद्या येईल." त्याच्या दुकानात नसलेल्या प्रत्येक वस्तूचा जन्म उद्याच होणार असतो. शेवटी पनीर कुस्करलं, मीठ लावलं आणि पंख्याखाली वाळत ठेवलं. कपड्यांपेक्षा ते लवकर वाळलं.

कणसं मात्र मी निवडली. ती विद्या वडिलांची. मलकापूरला रेल्वेतून उतरून एसटीनं राजूर घाट चढायचा आणि पावसाळ्यात कधीतरी त्याच घाटात मुद्दाम भुट्ट्यासाठी थांबायचं, असा आमच्या घरचा रिवाज होता. धुक्यात शेगडीचा लाल ठिपका दिसायचा. वडील एकेका कणसाची सालं किंचित बाजूला सारून दाण्यात नख रुतवायचे. दूध उडालं तर पास, नाहीतर पुढचं. मुलीसाठी स्थळं पाहतानाही त्यांनी इतकी चिकित्सा केली नसेल. मग भुट्टेवाला अर्धं लिंबू तिखटमिठात बुडवून कणसावरून फिरवायचा, आणि आम्ही भावंडं त्याच सालांवर भुट्टा धरून ओठ काळे करायचो.

तसं पाहिलं तर मका मुळातच लग्नाळू पीक. कणसावरच्या ओळी बहुधा जोडीनंच येतात. बारा असतील, चौदा असतील, सोळा असतील, तेरा सहसा नाहीत. शेंड्याला लोंबणाऱ्या झिपऱ्यांतला एकेक केस एकेका दाण्याचा. हे सगळं वैभव सुमारे ९००० वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात तेओसिंते नावाच्या एका किरकोळ गवतापासून माणसांनी घडवलं. मिरचीही त्याच मुलखातली, पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली. लिंबू तेवढं आशियातून तिकडे गेलं. म्हणजे घाटातला भुट्टेवाला नकाशा न उघडता वर्षानुवर्षं मेक्सिकोच भाजत होता, आणि आपल्याकडून सोयरिकीत गेलं ते लिंबू. शिवाय आकाशातला दगड दोन्ही घरी पडलेला. आपल्या लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, त्यांच्या चिक्शुलुबचा सुमारे १८०. मोठ्या घरच्या व्याह्यांचं असंच असतं. त्यांच्याकडे दगडसुद्धा डायनासोर घालवूनच जातो.

शेगडी गॅलरीत मांडली. पुठ्ठ्यानं वारा घातला तशी निखाऱ्यांनी डोळे उघडले, दाणे तडतडले आणि करपलेल्या गोडसर वासानं जिना उतरून शेजाऱ्यांना खबर दिली. कणीस ताटात उभं धरून पुतणी ब्रशनं मेयोनीज फासू लागली. हात, पाठ, मान. एकही दाणा कोरडा राहू नये अशी माया. आई खुर्चीतून पाहत होती.

"काहून माखून ठेवलं बाप्पा? कणीस हाये का नवरदेव?"

त्यावर पनीरच्या अक्षता पडल्या, तिखटाचा गुलाल पडला. नवरदेव देखणा झाला खरा, पण त्याला धरायचं कुठून हेच कळेना. पहिल्याच घासाला माझ्या मिशीला मेयोनीज आणि नाकाला पनीर. पुतणी हसली, चव मात्र झकास होती. लिंबानं बोलावलेलं तिखट मेयोनीजच्या गादीवर जरा उशिरा जागं होत होतं.

आईनं कणीस हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि ठेवून दिलं. एके काळी ती भुट्टा ओळीनं खायची. वाचून झालेल्या पोथीसारखं स्वच्छ दांडकं मागे उरायचं. आता कवळीला ते झेपत नाही. पुतणीनं काही न बोलता सुरी आणली, दाणे उतरवून वाटीत घातले, वर लिंबू पिळलं. वाटीतल्या अशा दाण्यांनाही तिकडे एस्कितेस असं भारदस्त नाव आहे, म्हणाली.

आईनं चमचाभर खाल्लं. बाहेरच्या झिमझिमीकडे बघत विचारलं, "मेक्सिकोत पाऊस पडते काय?"

पुतणीनं मोबाइल पाहिला. "पडतो की आजी. जून ते ऑक्टोबर."

"मंग बरोबर हाये," आई म्हणाली, आणि रिकामी वाटी पुढे केली. "आता चार दाणे नुसते दे. घाटातल्यासारखे."