क्लच नाही, तर प्लेट कशाची?

मांजरा ओलांडली की तेलंगण. त्यामुळे सेकंडहँड गाडी घ्यायची म्हटलं की बिलोलीच्या माणसाला नांदेडपेक्षा हैदराबादचा मोह अंमळ जास्तच. गावातल्या एका निवृत्त गणिताच्या गुरुजींनीही तिकडूनच जुनी ऑटोमॅटिक आय-टेन आणली. शेजाऱ्यांनी दार उघडून, वाकून पाहिलं. पॅडल दोनच. ‘‘गुरुजी, एक पॅडल कमी देऊन फसवलं की तुम्हाला!’’ असं सांत्वनही झालं.

काही महिन्यांनी गाडी पहिल्यातून दुसऱ्यात जाताना हिसका देऊ लागली. मिस्त्रीनं गिअरबॉक्समधली तेल मोजायची दांडी उपसून पांढऱ्या फडक्यावर टेकवली. असायला हवा होता लाल डाग. उमटला काळपट तपकिरी, वर करपल्याचा वास.

‘‘क्लचप्लेटा झिजायल्यात, गुरुजी.’’

‘‘अरे, क्लचच नाही, तर प्लेट कशाची?’’

मिस्त्री मात्र बरोबर होता. ऑटोमॅटिकमध्ये पायाखालचा क्लच जातो आणि पोटातले वाढतात. गिअरबॉक्समध्ये प्लेटांच्या जुड्याच असतात. त्या तेलात बुडालेल्या असतात आणि तेलाच्याच दाबानं आवळल्या जातात. वंगण तेच, थंडावा तेच आणि गिअर बदलणारंही तेच.

निदान अचूक करून मिस्त्री उपचारात घसरला. त्यानं फळीवरची पॉवर स्टेअरिंगच्या तेलाची बाटली काढली. ‘‘हे बी लालच आहे की. टाकू का?’’

लाल हा नुसता रंग. गळती झाली तर ती इंजिन ऑईलची नाही हे कळावं, एवढंच त्याचं काम. प्लेटांनी किती घसरायचं आणि कधी पकडायचं, हे ठरवतात तेलातली रसायनं. जनरल मोटर्सनं 1940 च्या ओल्डस्मोबिल गाडीत हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला, 1949 मध्ये ‘टाइप ए’ हे तेल ठरवलं. पुढं कित्येक वर्षं अशा तेलांत चक्क स्पर्म व्हेलचं तेल असे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि केमिस्ट मंडळींची झोप उडाली. मग जनरल मोटर्सच्याच डेक्सरॉन तेलाच्या पुढच्या पिढ्या आल्या. ह्युंदाईनं एसपी-थ्री, होंडानं झेड-वन, टोयोटानं टी-फोर अशी आपापली चूल मांडली. डेक्सरॉन-थ्री आणि एसपी-थ्री या दोघांतला ‘थ्री’ हा भाऊबंदकीचा पुरावा नव्हे. भलतं तेल मिसळलं तर गाडी थरथरते, नाहीतर हिसके वाढतात.

योग्य तेल मागवलं, तर गुरुजींपुढं नवं गणित. गिअरबॉक्समध्ये सहा लिटरच्या आसपास तेल; खालचा बोल्ट काढला तर निम्मंच बाहेर. उरलेलं मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या डब्यात, दडून बसतं. म्हणजे पहिल्या बदलीनंतर जुनं तेल निम्मं, दुसऱ्यानंतर पाव, तिसऱ्यानंतर आठवा हिस्सा. ‘‘म्हणजे शून्य कधी होणारच नाही?’’ गुरुजींनी विचारलं. नाही होणार. त्याची गरजही नाही. थोडी गाडी चालवून दोन-तीनदा बदललं की पुरे.

एवढ्यात टपरीवरून इशारा आला: जुन्या गाडीचं तेल बदललं की गिअरबॉक्स मरतो! हा समज नांदेडपासून न्यूयॉर्कपर्यंत आहे. बहुतेकांना तेल आठवतं ते गिअर घसरू लागल्यावर. तोवर प्लेटा संपलेल्या असतात, आणि खुनाचा आळ नव्या तेलावर येतो.

सेलेरिओमुळे 2014 पासून स्वस्त गाड्यांत रुळलेल्या एएमटीवाल्यांनी तर या लाल तेलाच्या वाटेलाच जाऊ नये. एएमटीचा गिअरबॉक्स मुळात साधाच असतो, क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तेवढं यंत्र करतं. सीव्हीटी या ऑटोमॅटिकच्या आणखी एका प्रकाराचं तेल त्याहून निराळं.

तेव्हा मंडळी, गाडीचं पुस्तक डिकीतून शोधून काढा. त्यात लिहिलेला क्रमांक बाटलीवर दिसेल तेव्हाच पैसे द्या. निघालेलं तेल मापानं मोजा, तेवढंच ओता, मग पुस्तकात सांगितल्या रीतीनं पातळी बघा. बिलोलीत नाही मिळालं तर नांदेडहून मागवा. तोवर गाडी अंगणात उभी राहिली तरी चालेल.