आधी कुऱ्हाड, मग मोजदाद

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या वाटेत आधी ५३,४६७ खारफुटी येत होत्या. मग आराखड्याने जरा अंग चोरले आणि आकडा २१,९९७ वर आला. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तोडीला परवानगी दिली. तोडीचे दुःख आहेच, पण त्या आकड्याकडे पाहून ऊर भरून येतो. बावीस हजार म्हणून कुणी हात झटकले नाहीत. तीन झाडांसाठी कुणीतरी प्रामाणिक राहिले!

आता जी तोडायची नाही अशी खारफुटी महाराष्ट्रात किती, ते विचारून पाहा. भारतीय वन सर्वेक्षणाचा २०२१ चा अहवाल सांगतो, ३२४ चौरस किलोमीटर. त्यात तिवर किती, कांदळ किती, चिपी किती, याची नगवार यादी कुणी मागत नाही. जगणारी खारफुटी चौरस किलोमीटरमध्ये आणि मरणारी नगात मोजायची, ही आपली पद्धत. झाडाला जनगणनेत जागा हवी असेल तर त्याने आधी एखाद्या प्रकल्पाच्या आड यावे.

पैशाचेही तसेच आहे. निसर्ग वाचवायला सरकारकडे पैसा नाही, ही रड आपण जन्मभर ऐकत आलो. ती साफ खोटी आहे. गोदावर्मन खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वनजमीन दुसऱ्या कामाला देताना जी भरपाई घेता तिचा स्वतंत्र निधी करा. २००६ मध्ये तो सांभाळायला एक हंगामी मंडळ नेमले गेले. ‘हंगामी’ या शब्दाला जागून ते दहाएक वर्षे टिकले आणि तोवर पैसा बँकेत पडून वाढत राहिला. कायदा झाला २०१६ मध्ये. ऑगस्ट २०१९ मध्ये एकदाचे ४७,४३६ कोटी रुपये २७ राज्यांना वाटले गेले. ‘कॅम्पा’ म्हणतात तो हाच पैसा. सत्तेचाळीस हजार कोटी! आणि तो जंगल राखून कुणी मिळवलेला नाही. जंगल दिले, म्हणून आला. जितकी तोड, तितकी जोड.

या जोडीचा दरही ठरलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्याच २००८ च्या आदेशात जंगलाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये धरले होते. २०२२ मध्ये ते वाढवले. वाघ, पाणी, हवा, मध, औषधी मुळ्या, सगळे त्यात आले. दहा लाखांत आज दक्षिण मुंबईत मोटार उभी करायला हक्काची जागा मिळायची मारामार, तेव्हा हेक्टरभर अरण्य स्वस्तच पडले म्हणायचे. अभयारण्यातली जमीन असेल तर हाच दर पाचपट, राष्ट्रीय उद्यानातली असेल तर दहापट. मागणाऱ्याला धाक बसावा, हा हेतू. पण कुणी हिशेबी माणूस तो तक्ता वाचू लागला, की त्याला धाक दिसत नाही, दरपत्रक दिसते. आणि निधी सांभाळणाऱ्यांपैकी कुणी फारच हिशेबी निघाला, तर आपल्या तिजोरीचे भले कशात आहे हेही त्याला त्याच तक्त्यात दिसेल.

पैसा आला, की जागा शोधायची. वर्सोवा ते भाईंदर सागरी रस्त्यासाठी सुमारे ४५ हजार खारफुटी जाणार आहेत आणि तिथल्या वनजमिनीच्या बदल्यात पर्यायी वनीकरणाची जमीन सापडली ती चंद्रपूर जिल्ह्यात. इथे काही लोक नाके मुरडतात. चंद्रपूरला समुद्र नाही, म्हणतात. नसेना! कागदावर हेक्टर म्हणजे हेक्टर. वर्सोव्याच्या खारफुटीने भरतीचे पाणी अडवायचे आणि चंद्रपूरच्या झाडांनी तिची कामगिरी पुढे चालवायची. एवढ्या लांब भरती आली नाही, तर तो झाडांचा दोष नव्हे. उलट आजवर चंद्रपुरात समुद्राचे पाणी एकदाही शिरलेले नाही, हे वनीकरणाच्या यशाचे प्रमाणपत्र म्हणून आगाऊ दाखवता येईल.

उत्तराखंडात तर या निधीने वनीकरणाची व्याख्याच रुंदावली. महालेखापरीक्षकांचा अहवाल फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या विधानसभेत आला. कॅम्पाचे १३.८६ कोटी रुपये भलतीकडे गेले, असे त्यात म्हटले होते. त्या भलतीकडच्या यादीत आयफोन, लॅपटॉप, फ्रीज, कूलर आणि इमारतींची डागडुजी होती. लोक उगाच खवळले. झाडाचे काम काय? सावली आणि गारवा. कूलर दुसरे काय देतो? शिवाय कूलरला गुरे तोंड लावत नाहीत, वणवा लागत नाही आणि मार्चअखेर तो जिवंत आहे की नाही हे बटण दाबून दाखवता येते.

या सगळ्यात हाल होतात ते समुद्राचे. जंगल निदान कुणाला तरी हवे असते. कुणाला खाण, कुणाला धरण, कुणाला रस्ता. हवे असते म्हणून त्याचे पैसे येतात. बिचारा समुद्र! त्याला सातबारा नाही, चतुःसीमा नाही, कुणी बिनशेती परवाना मागत नाही. मग त्याचे निव्वळ मूल्य काढायचे कुणी आणि भरायचे कुणाकडे?

विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला आंग्रिया बँक आहे. नावात बँक असली तरी तिथे ठेवी नाहीत. पाण्याखालचे पठार आहे, त्यावर प्रवाळ आहेत आणि नाव कान्होजी आंग्र्यांचे आहे. ते राखावे असे सगळ्यांना वाटते. डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांची मोहीमही जाऊन आली. पण वन्यजीव कायद्याने अभयारण्य करायचे तर जागा प्रादेशिक समुद्रात हवी आणि तो किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांवर, म्हणजे बावीस किलोमीटरवर संपतो. कान्होजींनी फिरंग्यांना ज्या समुद्रात दस्तकाशिवाय जाऊ दिले नाही, त्याच समुद्रात आज प्रवाळच हद्दीबाहेर राहतात म्हणून कायद्याला सापडत नाहीत.

मग समुद्राचे संशोधन चालते तरी कशावर? बरेचसे प्राण्यांच्या सौजन्यावर. ओडिशात गहिरमाथ्याला २०२१ मध्ये एका ऑलिव्ह रिडले मादीच्या परावर ०३२३३ क्रमांकाची धातूची पट्टी लावली होती. जानेवारी २०२५ मध्ये ही बाई गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. श्रीलंकेला वळसा घालून साडेतीन हजार किलोमीटर आली असावी, असा अंदाज आहे. पूर्व किनाऱ्यावरची कासवे पश्चिम किनाऱ्यावरही अंडी घालतात, हे त्या बोटभर पट्टीने दाखवून दिले.

तिने प्रवासभत्त्याचे देयक सादर केले नाही, हे तिचे शहाणपण. केले असते तर त्यावरचे आक्षेप आजही निघत असते. मुख्यालय सोडण्यापूर्वी परवानगी घेतली होती काय? श्रीलंकेमार्गे येण्याचे प्रयोजन काय, रेल्वे उपलब्ध नव्हती काय? परदेशी सागरी हद्दीतून आला असल्यास ना हरकत प्रमाणपत्र जोडावे. वाटेतील मुक्कामाच्या पावत्या जोडलेल्या नाहीत. दौरा अहवालासोबत शंभराहून अधिक अंडी दाखवली आहेत, ती कोणत्या लेखाशीर्षाखाली?

एक योजना मात्र अशी आहे, की तिच्यावर विनोद करताना हात आखडतो. संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि मच्छिमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर फोटो आणि अर्ज घेऊन राज्य सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. डिसेंबर २०१८ पासून हे चालू आहे. कासवे सुटतात, डॉल्फिन सुटतात, व्हेल शार्कसुद्धा सुटतो. पैसा प्राणी जगल्यावर मिळतो, ही आपल्या राज्यकारभारातली दुर्मीळ घटना आहे. तरी मूळ स्वभाव जात नाही. भरपाई जाळ्याच्या नुकसानीची आहे. पाण्यात उतरून, जाळ्याचा धागाही न तोडता कासव अलगद मोकळे करणारा तांडेल या योजनेत कुठेच बसत नाही. काही फाटलेच नाही, तर सरकारने द्यायचे कशाचे?

समुद्रासाठी पैसाच नाही असे म्हणणाऱ्यांनी खोल समुद्र मोहीम पाहावी. २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी मंजूर केले. ‘मत्स्य ६०००’ नावाची पाणबुडी तयार होते आहे. टायटॅनियमच्या गोळ्यात बसून तीन माणसे सहा हजार मीटर खाली जाणार. शास्त्र म्हणून हे अभिमानाचेच आहे, त्यात जीवसृष्टीचा अभ्यासही आहे. पण तळाशी आणखीही काही आहे. मध्य हिंदी महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटरचा पट्टा भारताच्या वाट्याला आला आहे आणि तिथे निकेल, तांबे, कोबाल्ट, मँगनीजचे गोळे पसरले आहेत. म्हणजे समुद्रालाही अखेर मार्ग सापडला. जंगलाला तोडायला कुणी आले की भाव येतो, समुद्राला खणायला कुणी आले की.

एवढे समजल्यावर संशोधकांनी आपले अर्ज बदलून घ्यावेत. ‘या अभ्यासाने काय वाचेल?’ हा रकाना कोरा ठेवावा. तो वाचून आजवर कुणाचा खिसा सैल झालेला नाही. ‘काय जाईल?’ एवढे ठळक लिहावे. प्रवाळांवर काम करणाऱ्यांनी तर सरळ विजयदुर्ग ते आंग्रिया बँक अशा शंभर किलोमीटरच्या सागरी सेतूचा प्रस्ताव द्यावा. आठ पदरी. मध्ये टोलनाका. प्रस्ताव दाखल झाला, की पर्यावरण आघात अहवाल आला, सल्लागार आले, पाणबुडे आले. कोणते प्रवाळ किती, मासे कुठले, वीण कधी, सगळे नगवार कागदावर येईल. जे पंचवीस वर्षे अर्ज करून मिळणार नाही ते एका निविदेत मिळेल. मग हळूच प्रस्ताव मागे घ्यावा.

यात धोका एकच आहे. तेवढ्यात एखादा ठेकेदार खरोखरच निविदा भरून बसायचा, आणि त्याच्याकडे अनुभवाचा दाखलाही निघायचा.