अण्णांचा फाया

आमच्या गल्लीत अण्णा दोनदा येतात. आधी वास येतो, मग माणूस. मधल्या दीड मिनिटात ज्याला उसने पैसे परत करायचे नसतील त्यानं मागल्या दारानं निघावं आणि ज्या घरात त्यांचं स्वागत असेल त्यांनी चहाचं आधण ठेवावं. खस दरवळला की उन्हाळा लागला, हिना आला की गड्ड्याची यात्रा जवळ आली. आमच्याकडे कॅलेंडर लागतं ते फक्त दुधाच्या हिशेबाला.

अत्तर लावणारे अण्णा काही एकट्या सोलापूरची मिरास नव्हेत. पेठ तिथे एक असतोच. पण पुण्या-कोल्हापूरच्या अत्तराला असते तरी काय परीक्षा? इथे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि नळाला पाणी पाच-पाच दिवसांआड येतं. अशा गावात अत्तर लावणं हा शौक राहत नाही, नागरी जबाबदारी होते.

त्यांची तयारी एकदा बघायला मिळाली. अण्णा बनियनवर आरशासमोर उभे. बोटाच्या पेराएवढी कुपी, तिच्या बुचालाच काचेची काडी. ती काडी एका मनगटाला टेकवायची, मग मनगटाला मनगट टेकवायचं. घासायचं नाही. घासलं की अत्तर ‘मरतंय’. तिथून दोन्ही कानांमागे. मग हरभऱ्याएवढा कापूस काडीवर फिरवून त्याचा फाया उजव्या कानाच्या वरच्या खळगीत, विडीवाले विडी ठेवतात तितक्या सहज. शर्ट चढवल्यावर कॉलरला आतून एक बोट, कारण बाहेरून लावलं तर डाग पडतो. बोटाला उरलेलं मिशीला. हे सगळं होईतो अण्णा एक शब्द बोलत नाहीत. घरात कुणी हाक मारली तर काकू परस्पर सांगतात, “थांबा, पूजेला बसल्यात.”

आता प्रश्न असा, की अण्णा हे करतात कशासाठी? कारण प्रत्येकाला वेगळं मिळालंय. डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, डोकं दुखतं म्हणून. “आमच्या लहानपणी ताप आला की कपाळावर ओडिकोलनच्या घड्या ठेवायचे की न्हाई? मग हे पण औषधच की.” देवळात सांगितलं, देवासाठी. त्यावर काकूंचं म्हणणं असं, “देवाचं काय, तो गाभाऱ्यातनं हलत न्हाई. आम्हाला हलावं लागतंय.” कट्ट्यावरच्या मित्रांना सांगितलं, मन प्रसन्न राहतं. आणि मला दरडावून सांगितलं, “मी काय दुसऱ्यासाठी लावूलालो व्हय? माझ्यासाठी लावूलालो. मला वास आला की बास.”

गंमत इथेच आहे. ज्याच्यासाठी लावलं म्हणतात त्या एकट्यालाच तो वास येत नाही. एकच वास सारखा येत राहिला की काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. सगळ्यांचंच. ज्याच्या घरी शेंगाचटणीचं कांडप आहे त्याला लसूण जाणवत नाही, ते ह्यामुळेच. अण्णांना नाकाची ही लबाडी मान्य नाही. दहा मिनिटांत वास नाहीसा झाला की ते म्हणतात, मालात दम राहिला न्हाई. आणि खिशातून पुन्हा कुपी काढतात. अशा तऱ्हेनं बाळीवेशीतून निघालेले अण्णा पार्क चौकात पोचेपर्यंत तिप्पट झालेले असतात.

अण्णांचा पुतण्या कॉलेजात आहे. तो बगलेत आणि बगलेबाहेर अर्धा डबा स्प्रे मारून निघतो. अण्णांच्या मते ते सेंटच नव्हे. “तुझं ते स्पिरिट हाय बे. येस्टी स्टँड येईपर्यंत उडून जातंय. हे बघ, कन्नौजचं हाय, चंदनाच्या तेलावर उतरवलेलं. उद्या आंघोळीपर्यंत जात न्हाई.” उद्या आंघोळ आहे की नाही हे नळ ठरवतो, हा भाग सोडा. पण अण्णा खोटं बोलत नाहीत. कन्नौजला अजूनही तांब्याच्या डेगीत फुलं आणि पाणी घालून खाली जाळ करतात. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात उतरते, ते भपका. त्यात चंदनाचं तेल आधीच असतं, ते वास धरून ठेवतं. फुलांच्या जागी भाजलेल्या मातीच्या चकत्या घातल्या की मिट्टी अत्तर होतं, पहिल्या पावसाच्या वासाचं. अण्णांकडे त्याची एक कुपी आहे. ती ते फक्त दुष्काळाच्या वर्षी उघडतात. “नळ कोरडा असू दे की बे. पाऊस खिशात हाय आपल्या.”

एकदा काका-पुतणे एकाच रिक्षातून निघाले, एकीकडून खस आणि दुसरीकडून डब्यावर सिंहाचं तोंड असलेलं काहीतरी. रिक्षावाल्यानं सात रस्त्यापर्यंत मान बाहेर काढून रिक्षा चालवली आणि तिथे म्हणाला, “पैशे र्‍हाऊ द्या, उतरा.” अण्णांनी त्याचा अर्थ, लोक अजून वडीलधाऱ्यांना मानतात, असा घेतला.

एक मात्र सांगायला हवं. मयताला जाताना अण्णा अत्तर लावत नाहीत. घरात साठवलेल्या पाण्यातलं बादलीभर खर्चून, साबणानं कानामागे घासून जातात. गेल्या वर्षी गल्लीतले एक आजोबा गेले तेव्हा अण्णा पहाटेपासून उभे होते. बांबू त्यांनी आणले, मडकं त्यांनी आणलं. तेराव्याला त्या घरच्यांनी रुसून विचारलं, “अण्णा कसे आले नाहीत?”

ह्या माणसाला काहीतरी शास्त्राधार द्यावा असं मला फार दिवस वाटत होतं. तो सापडला. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांच्या गादीवर तिसरा सोमेश्वर होता. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आमच्याकडून सकाळी गेलं तर संध्याकाळी परत येण्याजोगं. ह्या राजानं ‘मानसोल्लास’ नावाचा जाडजूड संस्कृत ग्रंथ लिहिला आणि त्यात राजानं अंगाला कुठली सुगंधी उटी लावावी ह्याचीही चर्चा केली. शिवाय सुगंधद्रव्यांवर ‘गंधवाद’ नावाचा एक ग्रंथ आहे, त्यावर जुन्या मराठीत टीका आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोड्यांनी तिच्यावर लिहून ठेवलंय. म्हणजे मराठी माणूस अत्तरावर टीका करतोय तो काही आजचा नाही.

मी हे सगळं अण्णांना मोठ्या हौसेनं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे राजाला पण पाणी पाच दिवसाआड व्हतं काय बे?”

खरं कारण मला कळलं ते हुतात्मा एक्सप्रेसमध्ये. सकाळची गाडी, एसी डबा, काचा बंद. माझ्या बाजूची जागा कोणाची हे मला फलाटावरच कळलं होतं. मोहोळ मागे पडेपर्यंत डब्यातले झोपलेले लोक जागे झाले. एका बाईनं पिशवीतून लिंबू काढून नाकाला लावलं. मी रुमाल काढला, मग तो परत ठेवला, कारण अण्णा माझ्याकडे बघत होते. कुर्डुवाडीला चहाच्या निमित्तानं दारात जाऊन उभं राहावं असा माझा बेत होता. तेवढ्यात ते आपणहून बोलायला लागले.

तीस वर्षं ते चादरीच्या एका कारखान्यात रंगखात्यात होते. सूत रंगवायचं म्हणजे कॉस्टिक आणि हायड्रो. हायड्रोचा वास गंधकासारखा, नाकात तिडीक जाणारा. शिवाय पलीकडच्या खात्यातली सुताला लावायची आंबूस खळ. “घरी येऊन चोळून चोळून आंघोळ केली तरी नखातनं वास यायचा बघ. सिटी बसमध्ये बसलो की शेजारची जागा रिकामी. उभी माणसं असायची, पण बसायची न्हाईत. एकदा एक शाळेची पोरगी बसली आणि तिच्या आईनं तिला उठवलं.” त्या पगाराला अण्णांनी विजापूर वेशीतून पहिली कुपी आणली. गुलाबाची, सगळ्यात स्वस्त.

“मग? शेजारी बसायला लागले लोक?” मी विचारलं.

“बसले की. दोन-चार दिवस.” अण्णांनी फाया कानातून काढला, हुंगला, पुन्हा ठेवला. “मग मला वाटाय लागलं, वास कमी पडूलालाय.”

कुर्डुवाडी आली आणि गेली. मी उठलो नाही. भिगवणच्या अलीकडे खिडकीतून उजनीचं पाणी दिसायला लागलं, लांबच लांब, चमकणारं. अण्णांनी मला कोपरानं ढोसलं. “बघ बे, आपलं पाणी. इथं केवढं हाय.” आणि त्या आनंदात खिशातली कुपी काढून माझ्या दोन्ही मनगटांना आणि कॉलरला खस लावला. कॉलरला बाहेरूनच, कारण गाडी हलत होती.

पुण्याला उतरून मी ज्या कामाला गेलो होतो ते काम नेहमीपेक्षा लवकर झालं. त्या कचेरीत मला कुणी थांबवून घेतलं नाही.

तो शर्ट आतापर्यंत तीन वेळा धुतला. सोलापूरच्या हिशेबानं पंधरा दिवस झाले. खस अजून येतो म्हणे. मला येत नाही.