परमिटशिवाय सही

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आमच्या साडूंनी तीस वर्षं काढली. लेखी परमिट हातात पडल्याशिवाय या गृहस्थांनी साध्या नटालाही पाना लावला नाही. फीडर बंद केला की स्वतःच्या हाताने पाटी अडकवायची : ‘माणसे काम करीत आहेत, स्विच चालू करू नये.’ घरी मिक्सर धुवायला काढला तरी प्लग काढलाय ना, हे दोनदा विचारतात.

असा माणूस अक्षय्य तृतीयेला फ्लॅट बुक करायला गेला आणि दिसेल त्या रेघेवर सही करून आला. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, सगळाच शुभ. पण बिल्डरच्या पंचांगात ‘ऑफर’ दुपारी साडेबाराला संपत होती. शिवाय सिंहस्थ तोंडावर, भाव वाढणार! ४० लाखांच्या फ्लॅटसाठी ८ लाख भरले. पावती मिळाली, पेढा मिळाला. करारनामा ‘टायपिंगला’ होता.

“अहो, करारनामा नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर एक रुपया घेता येत नाही. २०१६च्या रेरा कायद्याचं तेरावं कलम,” मी म्हटलं.

“त्यांनी पेढा दिला हो,” साडू म्हणाले.

माहितीपत्रक बघण्यासारखं होतं. इमारतीमागे मऊ पांढरे ढग, खाली ‘ढगांच्या कुशीत’. तीस वर्षं ज्या चिमणीखाली राबले, तिचा धूर साडूंना ओळखू आला नाही! खोट्या जाहिरातीला भुलून पैसे भरणाऱ्याला भरपाई मागता येते, व्याजासह पैसे परत घेऊन बाहेरही पडता येतं. पण ढग खोटा होता हे सिद्ध करायला साडूंनाच साक्षीला उभं करावं लागेल.

महिन्याने मसुदा आला. पानं ८६, अक्षर मुंगीएवढं. हप्ता आठ दिवस चुकला तर साडूंना २४ टक्के व्याज. ताबा दोन वर्षं लांबला तर बिल्डरची ‘दिलगिरी’. कायद्यात व्याजाचा दर दोघांना एकच आहे, आणि ताबा लांबला तर बाहेर न पडणाऱ्यालाही दर महिन्याचं व्याज मिळतं. दैवी आपत्तीत कायदा युद्ध, पूर, भूकंप असलं काही धरतो. इथे वाळू महागणं आणि मजूर होळीला गावी जाणं हीसुद्धा दैवाची करणी होती. बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षं; मसुद्यात एक, तीही ‘रंग वगळून’. महारेराच्या नमुना करारनाम्यात यातली काही कलमं बिल्डरला हात लावता येणार नाही अशी आहेत. एकतर्फी अटी ग्राहकावर लादता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली सांगितलंय. पण न्यायालयापर्यंत पोचायला निम्मा जन्म लागतो. मसुदा वाचायला एक रविवार.

सोमवारी आम्ही बिल्डरच्या ऑफिसात गेलो. तिथल्या मुलाने पानं उलटत बोट ठेवलं, “काका, इथे, इथे आणि इथे. सगळे असंच करतात. रजिस्ट्रारकडे टोकन लागलंय, गाडी खाली उभी आहे.”

साडूंनी चष्मा पुसला. खिशातून लाल पेन काढलं आणि पहिल्याच पानावर, सहीच्या जागी, सुबक अक्षरात लिहिलं : ‘माणूस वाचत आहे. सही करू नये.’

मग खुर्ची पुढे ओढली आणि मुलाला म्हणाले, “पंखा जरा वाढव रे.”