बॅगा कोण सांभाळणार?

(मे महिन्यातला रविवार. डोंबिवली. पंखा पाचावर, तरी बाबांचा बनियन भिजलेला. टीपॉयवर कोयींचं ताट.)

मुलगी: ठरलं ना मग? शनिवारी वॉटर पार्क.

बाबा: ठरलं. कुठलं, कसं आणि किती जण, एवढंच बाकी आहे.

मुलगा: गोराई! बोटीतून जायचं.

बाबा: गोराईचं 1998 सालचं. कॉलेजात असताना गेलो होतो. दादरला गाडी बदला, मालाडला उतरा, रिक्षाने मार्वे जेट्टी, मग लाँच. पोचेपर्यंत घामानेच आंघोळ झालेली असते.

मुलगी: मग खोपोली. थेट लोकल आहे.

आजोबा: लोकल कशाला? एसटी. पंचाहत्तरी झाल्यापासून मला फुकट. बायकांना अर्धं.

बाबा: आणि मला?

आजोबा: तुला पूर्ण. तुझ्यासाठी सरकारने अजून काही काढलेलं नाही.

आई: कल्याणहून पनवेल, पनवेलहून खोपोली, पुढे रिक्षा. आपण आत शिरू तेव्हा ते पाणी सोडून देत असतील.

आजोबा: आत जायचे किती घेतात?

मुलगी: माणशी हजाराच्या वर.

आजोबा: आंघोळीचे? इथे टँकर आला नाही की मी अर्ध्या बादलीत उरकतो, मला कोणी दहा रुपये देत नाही.

आई: याचं हाफ तिकीट असेल ना? नऊच वर्षांचा आहे.

मुलगी: तिथे वय नाही, उंची बघतात. गेटवर पट्टी लावलेली असते.

(आई मुलाला दाराच्या चौकटीला उभा करते. पेन्सिल, पट्टी, डोक्यावर सपाट वही. गेल्या दिवाळीची खूण चार बोटं खाली राहिलेली.)

आई: अरे देवा. याला एवढं दूध कोणी पाजलं?

आजोबा: एसटीचं बरं होतं, वय विचारायचे. तुझा नवरा चौदा वर्षांचा होईपर्यंत अकराचाच होता.

आई: गेटवर गुडघे वाकवून उभा राहा.

मुलगा: मग मोठ्या स्लाइडवर सोडणार नाहीत!

आई: आत गेलास की ताठ हो.

(आई कागद-पेन घेते. आता खरी सहल सुरू.)

आई: चाळीस पुऱ्या. बटाट्याची सुकी भाजी. लोणचं. दुपारच्याला चिवडा.

मुलगी: आई, बाहेरचं खाणं चालत नाही तिथे.

आई: बाहेरचं कुठे? घरचं आहे.

मुलगी: बॅगा तपासतात गं!

आई: तपासू देत. टॉवेलात गुंडाळते.

बाबा: गेल्या वर्षी टॉवेलात लोणच्याची बरणी सांडली होती. दिवसभर मी खाराने अंग पुसलं.

मुलगी: आणि सुती कपडे चालत नाहीत. धागे सुटतात, फिल्टरमध्ये जाऊन बसतात. नायलॉनचाच कॉस्च्यूम लागतो.

आजोबा: माझा लेंगा?

मुलगी: नाही चालणार. तिथे भाड्याने मिळतात.

आजोबा: दुसऱ्याने घातलेले? मी काठावर बसेन.

बाबा: मोबाइल, पाकिटं, चष्मे... लॉकर घ्यावा लागेल.

आई: लॉकरला भाडं, वर डिपॉझिट. कशाला? आजी आहेत की. छत्रीखाली निवांत बसतील बॅगा घेऊन.

सगळे: हो, आजी!

(आजी इतका वेळ कोय चोखत होती. ती कोय ताटात ठेवते. पदराला हात पुसते.)

आजी: तुमच्यापैकी पोहायला कोणाला येतं?

(पंख्याचा आवाज.)

बाबा: तिथे पोहावं लागत नाही गं. कमरेएवढंच पाणी असतं.

आजी: म्हणजे कोणाला येत नाही. मला येतं. सात वर्षांची होते. काकांनी पाठीला सुका भोपळा बांधला आणि दिलं विहिरीत ढकलून. चौथ्या दिवशी भोपळा सोडला. पुढच्या उन्हाळ्यात काठावरून सूर मारत होते. मग लग्न होऊन चाळीत आले. तिथे पाणी पिंपात. पिंपात पोहता येत नाही म्हणून पन्नास वर्षं गप्प आहे.

मुलगा: आजी, लाटांच्या पूलमध्ये येशील? भोंगा वाजला की लाटा सुटतात!

आजी: भोंगा कशाला? मी तयारच असेन.

आई: पण आई, साडी नाही चालणार...

आजी: ऐकलं मी, बहिरी नाही. ते नायलॉनचं पूर्ण बाह्यांचं फडके रोडला मिळतं का बघ. आणि काळं नको, उन्हात तापतं.

आजोबा: अगं, मला कधी बोलली नाहीस.

आजी: तुम्ही कधी विहिरीपाशी नेलंत?

बाबा: आणि बॅगा?

आजी: त्या तू सांभाळ. पूर्ण तिकीट काढलंयस, छत्रीखाली पाय पसरून बस. आणि पुऱ्या मोजलेल्या आहेत.